पराभवाचा सातबारा

ॲन आर्बरचं मिशिगन स्टेडियम, १७ ऑक्टोबर २०१५. कॉलेज फुटबॉलचा सामना, लाखाच्या वर माणसं, घड्याळात दहा सेकंद, आणि मिशिगन विद्यापीठ मिशिगन स्टेटविरुद्ध २३-२१ ने पुढे. ब्लेक ओनील या पंटरने मागे आलेला चेंडू झेलायचा, लाथ मारून लांब उडवायचा, की संपलं. ओनील मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पायात दम असलेला गडी. त्याच सामन्यात त्याने एक चेंडू ८० यार्डांवर धाडला होता. हा मात्र जरा खाली आला आणि हाताला लागून निसटला. तो उचलून कसाबसा मारायला गेला तोवर अंगावर माणसं आली, आणि उडालेला चेंडू गेला थेट मिशिगन स्टेटच्या जेलन वॉट्स-जॅक्सनकडे. तो ३८ यार्ड धावला. घड्याळ शून्यावर आणि तो रेषेपलीकडे. २७-२३. त्याआधी त्या सामन्यात मिशिगन स्टेट एकदाही पुढे गेलेलं नव्हतं. धावणाऱ्याचा खुबा त्याच झटापटीत निखळला, हाड मोडलं; जिंकून देणाऱ्या पोराला मैदानातून हॉस्पिटलात न्यावं लागलं.

माझा एक भाचा तेव्हा नुकताच तिथे शिकायला गेला होता. डोंबिवलीत वाढलेला, क्रिकेटशिवाय कशाला खेळ न मानणारा. त्या लंबगोल चेंडूचे नियमही त्याला धड कळत नव्हते. रविवारी फोनवर आला तो आवाज बसलेला. "मामा, दहाच सेकंद उरले होते हो," म्हणाला, आणि पुढे ओनीलच्या नावाने असं काही बोलला की जे त्याच्या आईला सांगण्यासारखं नव्हतं. दीड-दोन महिन्यांत पोरगं तिथलं झालं होतं. इतकं, की हरल्यावर काय करायचं असतं हेसुद्धा शिकलं होतं: एक माणूस शोधायचा.

ओनीलला त्या रात्री लोकांनी इंटरनेटवर इतकं वाईटसाईट लिहिलं की विद्यापीठाचे तेव्हाचे हंगामी क्रीडासंचालक जिम हॅकेट यांना जाहीर पत्र काढून आपल्याच चाहत्यांना समज द्यावी लागली.

आपल्याला हे कळायला शारजा पुरेसं आहे. १८ एप्रिल १९८६, शेवटचा चेंडू, पाकिस्तानला चार हव्यात, आणि जावेद मियाँदादचा षटकार. त्या दिवशी भारताचे अकरा जण खेळले होते. पण हार चढली एकट्या चेतन शर्माच्या नावावर. तो तेव्हा वीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी आपल्या नागपुरात त्याने विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक घेतली. तरी आजही त्याचं नाव निघालं की समोरचा आधी शारजा म्हणतो. पराभवाचाही सातबारा असतो, आणि त्यावर सामायिक नावं लागत नाहीत.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये हा कारभार फार पक्का आहे. त्याला कारणंही आहेत. हंगामात बारा-तेरा सामने, तेही शनिवारच्या शनिवारी. विजेता कोण हे कित्येक दशकं पत्रकार आणि प्रशिक्षक मतं देऊन ठरवत, त्यामुळे एक सामना गेला की वर्ष गेलं असंच समजायचं. चार संघांचं प्लेऑफ आलं २०१४ साली, बारांचं २०२४ मध्ये. शिवाय पोराला खेळायला साधारण चार हंगाम मिळतात, मग पदवी आणि निरोप. पुढच्या वर्षी बघून घेऊ, हे म्हणायला पुढचं वर्ष असावं लागतं. आणि गाव? नेब्रास्कासारख्या राज्यात मोठा व्यावसायिक संघच नाही. जे काय आहे ते लिंकन शहरातलं विद्यापीठ आणि त्याचा लाल रंग. आजोबा, बाप, नात, सगळे त्याच रंगात. एवढ्या मोठ्या जमावाचं दुःख ज्या पोरांच्या पायात घुटमळतं, त्यांना अगदी अलीकडेपर्यंत पगार मिळत नव्हता. त्यांच्या प्रशिक्षकांना मात्र मिळत होता, आणि तो ऐकून आपले आयपीएलवालेही दचकतील.

दोषाचा सगळ्यांत जास्त वाटा किकरच्या, म्हणजे चेंडू लाथेने दोन खांबांमधून धाडणाऱ्याच्या पदरात पडतो. बिचारा तासन्‌तास बाकावर बसून असतो आणि सामना अडला की त्याला उभं करतात. १६ नोव्हेंबर १९९१ ला फ्लोरिडा स्टेट पहिल्या क्रमांकावर, मायामी दुसऱ्या. १७-१६ ने मागे असताना फ्लोरिडा स्टेटच्या गेरी थॉमसने ३४ यार्डांवरून मारलेला चेंडू खांबांच्या जरासा उजवीकडून गेला. त्याच हंगामात नियम बदलून दोन खांबांतलं अंतर चार फूट दहा इंचांनी कमी केलं होतं. आदल्या वर्षीच्या खांबांत तो चेंडू बसला असता, असं लोक आजही सांगतात. खांब जवळ आणणारे कोण होते त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. थॉमसचं ठाऊक आहे.

पण या बाबतीतली खरी मोठी गोष्ट ऑबर्नची. ३० नोव्हेंबर २०१३. अलाबामा आणि ऑबर्न ही एकाच राज्यातली दोन विद्यापीठं, आणि त्यांच्या सामन्याला आयर्न बोल म्हणतात. अलाबामाने आधीची दोन वर्षं लागोपाठ राष्ट्रीय विजेतेपद घेतलेलं, तेव्हाही पहिला क्रमांक. २८-२८ अशी बरोबरी असताना वेळ संपली. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन पंचांकडे गेले: आमचा गडी रेषेबाहेर गेला तेव्हा एक सेकंद शिल्लक होता, तो आम्हाला द्या. पंचांनी चित्रफीत पाहिली आणि सेकंद दिला. भांडून मिळवलेला हा सेकंद! नियमित किकर केड फॉस्टरचे तीन प्रयत्न त्या दिवशी वाया गेले होते, म्हणून सेबननी ५७ यार्डांच्या किकसाठी ॲडम ग्रिफिथ या पहिल्या वर्षाच्या पोराला पाठवलं. चेंडू आखूड पडला. गोलरेषेमागे थांबलेल्या ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसने तो झेलला आणि डाव्या कडेने धावत सुटला. अशा किकच्या वेळी मारणाऱ्या संघाकडून मैदानात असतात ते धिप्पाड अडवणारे गडी. पळणाऱ्याला गाठणं हे त्यांचं काम नव्हे. शंभरावर यार्ड तो पळाला. ३४-२८.

सेबनना त्या वर्षी पन्नास लाख डॉलरांहून अधिक पगार होता. सेकंद त्यांनी मागितला, लांबची किक त्यांनी ठरवली, मागे पळणारं कुणी ठेवायचं नाही हेही त्यांच्याच माणसांनी ठरवलं. धमक्या आल्या फॉस्टरला. शेवटी माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला धीर देणारी चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहून पाठवली. आणि ग्रिफिथ? तो पोलंडच्या अनाथालयात वाढलेला मुलगा. तेराव्या वर्षी अमेरिकेतल्या एका कुटुंबाने त्याला दत्तक घेतलं होतं. जानेवारी २०१६ मध्ये क्लेमसनविरुद्धच्या अंतिम सामन्यात २४-२४ अशी बरोबरी असताना त्यानेच एक आखूड, चतुर किक अशी टाकली की चेंडू अलाबामाकडेच परत आला आणि सामना फिरला. अलाबामा ४५-४० ने जिंकली. याचा व्हिडिओ कुणी शोधून बघत नाही. डेव्हिसची धाव मात्र लोक अजून बघतात. मीही बघतो, खोटं कशाला बोला.

गंमत म्हणजे याच सेबनच्या झोळीत त्या आयर्न बोलच्या अकरा वर्षं आधी नशिबाने उलटं दान टाकलं होतं. तेव्हा ते लुइझियाना स्टेटचे प्रशिक्षक. ९ नोव्हेंबर २००२, केंटकी ३०-२७ ने पुढे, दोन सेकंद बाकी. केंटकीच्या पोरांनी प्रशिक्षक गाय मॉरिस यांच्यावर विजयाचं सरबताचं पिंप उपडं केलं, लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले. मग लुइझियानाने लांब भिरकावलेला चेंडू दोनतीन हातांना लागून डेव्हरी हेंडरसनच्या हातात पडला, ७५ यार्ड. ३३-३०. आपण हरलो आहोत हे कळायच्या आत माणसं मैदानात शिरून गोलपोस्टला लटकली होती. इथे दोष देण्यासारखं कुणी सापडलं नाही, म्हणून केंटकीत ही गोष्ट आता हसत सांगता येते.

हसण्याच्या पलीकडचा होता रॉय रीगल्स. १ जानेवारी १९२९, पॅसाडीनाचा रोझ बोल, कॅलिफोर्निया विरुद्ध जॉर्जिया टेक. दुसऱ्या सत्रात टेकच्या हातून चेंडू सुटला, कॅलिफोर्नियाच्या रीगल्सने उचलला, अंगावर आलेल्याला चुकवताना गर्रकन वळला आणि दिशा हरवून बसला. आपल्याच गोलरेषेकडे तो साठ-पासष्ट यार्ड जिवाच्या आकांताने धावला. मागून त्याचाच सोबती बेनी लॉम ओरडत धावत होता. लोकांच्या गदारोळात रीगल्सला काय ऐकू येणार? आणि आलं असतं तरी ते त्याला शाबासकीच वाटलं असतं. लॉमने रेषेच्या तोंडाशी त्याला धरून वळवलं, तेवढ्यात टेकच्या पोरांनी आडवा केला. पुढच्याच खेळीत लॉमची किक अडवली गेली आणि टेकला दोन गुण मिळाले. सामना संपला ८-७ वर. म्हणजे त्या दोन गुणांनीच.

मध्यंतरात रीगल्स घोंगडी गुंडाळून कोपऱ्यात रडत बसला होता. त्याचंही वय वीस. प्रशिक्षक निब्स प्राइस यांनी एवढंच सांगितलं की जे अकरा जण पहिल्या अर्ध्यात खेळले तेच पुढेही खेळतील. रीगल्स उठेना, इतक्या लोकांसमोर आता कुठल्या तोंडाने जाऊ म्हणाला. प्राइस म्हणाले, ऊठ, सामना अजून अर्धाच झालाय. तो गेला, आणि नुसता गेला नाही, टेकची एक किक त्याने अडवली. पुढच्या वर्षी तो संघाचा कप्तान होता. ‘राँग वे’ ही पदवी मात्र जन्माला चिकटली. १९६४ मध्ये मिनेसोटाचा व्यावसायिक खेळाडू जिम मार्शल असाच उलटा धावला, तेव्हा रीगल्सने त्याला पत्र पाठवून मंडळात स्वागत केलं. १९७१ मध्ये जॉर्जिया टेकने आपल्या माजी खेळाडूंच्या मंडळात त्याला मानाने घेतलं. ज्यांना त्याने सामना दिला त्यांनी तरी आठवण ठेवली, असंही म्हणता येईल. पण मला प्राइस जास्त मोठे वाटतात. बदली खेळाडू पाठवणं किती सोपं होतं.

आणि मग नेब्रास्काचे प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न. त्यांच्यापाशी मी दरवेळी अडतो, कारण बाकीच्यांवर हार कोसळली, यांनी ती चालून जाऊन पत्करली. २ जानेवारी १९८४, मायामीतला ऑरेंज बोल. नेब्रास्का बारा सामन्यांत अजिंक्य, हंगामभर पहिल्या क्रमांकावर, सामन्याला सरासरी पन्नासहून अधिक गुण करणारा राक्षसी संघ. समोर यजमान मायामी. १७-० अशी पिछाडी भरून काढली, पुन्हा ३१-१७ असे मागे पडले. त्यात त्यांचा सर्वोत्तम धावपटू माइक रोझियर घोट्याच्या दुखापतीने बाहेर. ४८ सेकंद उरले असताना जेफ स्मिथने टचडाउन केलं, ३१-३०. आता साधी किक मारली की ३१-३१. तेव्हा जादा वेळ नव्हता, तो १९९६ पासून आला. त्याच दिवशी दुसऱ्या क्रमांकाचं टेक्सस हरलं होतं. म्हणजे बरोबरी झाली असती तरी मतं नेब्रास्कालाच पडली असती. ऑस्बोर्नना अकरा वर्षांत एकही राष्ट्रीय विजेतेपद नव्हतं. मोठा सामना आला की हे ढेपाळतात, असं गावातच बोललं जायचं.

त्यांनी दोन गुणांचा डाव लावला. नेब्रास्काच्या टर्नर गिलचा पास स्मिथकडे निघाला, मायामीच्या केनी कॅल्हूनची बोटं आडवी आली, चेंडू स्मिथच्या अंगावर आपटून खाली पडला. मायामी विजेती. विजेतेपदासाठी ऑस्बोर्न आणखी अकरा हंगाम थांबले.

याउलट १९६६ मध्ये नोत्र दामचे प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी मिशिगन स्टेटविरुद्ध शेवटचा मिनिटभर चेंडू जपून १०-१० वर सामना सोडवला, आणि पत्रकारांची मतं त्यांनाच मिळाली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हिशेबाने तेच शहाणपणाचं होतं. तरी त्या बरोबरीचं स्पष्टीकरण त्यांना आयुष्यभर देत बसावं लागलं. ऑस्बोर्नना कुणी विचारलंच नाही. आणि एक गोष्ट नजरेतून सुटते: नेब्रास्कात गिल किंवा स्मिथ यांच्या नावाने कुणी बोटं मोडली नाहीत. सातबाऱ्यावर प्रशिक्षकाने आधीच स्वतःचं नाव चढवून ठेवलं होतं.

येलच्या पोरांची गोष्ट वेगळीच, कारण ते हरलेच नाहीत. २३ नोव्हेंबर १९६८, दोन्ही संघ अजिंक्य, आणि येल हार्वर्डवर २९-१३ ने पुढे. त्यांचे लोक पांढरे रुमाल हलवत होते. शेवटच्या ४२ सेकंदांत हार्वर्डने १६ गुण केले. हार्वर्डच्या विद्यार्थी-वर्तमानपत्राचा मथळा जगभर गेला: हार्वर्डने येलला २९-२९ ने हरवलं. हार्वर्डच्या संघात टॉमी ली जोन्स होता, पुढे सिनेनट झालेला. येलच्या बाजूला ब्रायन डाउलिंग आणि कॅल्व्हिन हिल असे एकाहून एक गडी, आणि त्यांची पाटी अजूनही कोरी. चाळीस वर्षांनी केविन रॅफर्टीने माहितीपट काढला तेव्हा ते पन्नाशी-साठीतले गृहस्थ कॅमेऱ्यासमोर त्या ४२ सेकंदांविषयी बोलताना अडखळत होते.

हे सगळं मनाला लावून न घेणारे एकच, स्टॅनफर्डवाले. २० नोव्हेंबर १९८२ ला बर्कलीत ते कॅलिफोर्नियाविरुद्ध २०-१९ ने पुढे होते, चार सेकंद बाकी. त्यांच्या जॉन एल्वेचा कॉलेजातला तो शेवटचा सामना ठरणार होता. कॅलिफोर्नियाच्या पोरांनी चेंडू पाच वेळा एकमेकांकडे मागे टाकत पळवला. सामना संपलाच समजून स्टॅनफर्डचा वाजंत्री ताफा मैदानात घुसलेला. त्या गर्दीतून केविन मोएन धावत गेला आणि रेषेपलीकडे एका ट्रॉम्बोनवाल्यावर आदळला. २५-२०. दोष घ्यायला पोरगा नाही, आख्खा बँड! काही दिवसांनी स्टॅनफर्डच्या पोरांनी बर्कलीच्या विद्यार्थी-वर्तमानपत्राचा बनावट अंक छापला आणि निकाल फिरवल्याची बातमी देऊन बर्कलीतच वाटला. या दोघांच्या सामन्याची ट्रॉफी म्हणजे एक कुऱ्हाड. तिच्या फळीवर वर्षावर्षाचे निकाल कोरलेले असतात. ती कॅलिफोर्नियाकडे असली की १९८२ समोर २५-२० दिसतं. स्टॅनफर्डने जिंकून नेली की तिथे २०-१९ होतं, आणि ती परत आली की बर्कलीचे लोक पहिल्यांदा तेवढी दुरुस्ती करून घेतात.