राजधानीचीं झाडें

उभें आयुष्य मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेलें. त्यामुळें दूरच्या प्रवासाचा योग फारसा आला नाहीं. गेल्या आषाढांत मात्र थोरल्या मुलीच्या आग्रहास्तव दिल्लीस जाऊन महिनाभर राहिलों. जांवई सरकारी नोकरींत असल्यामुळें त्यांचें बिऱ्हाड नव्या दिल्लींत आहे. दिल्लीहून परत आलेला मनुष्य लाल किल्ला आणि कुतुबमिनार यांचें वर्णन करतो, तें वाचकांनीं पुष्कळ वेळां ऐकलें असेल. माझ्या मनांत घर करून राहिलीं तीं तेथील रस्त्यांच्या कडेचीं झाडें.

पहिल्याच सकाळीं फिरावयास निघालों, तों पायाखालची वाट जांभळी झालेली! वर पाहतों तों दुतर्फा जांभळीचे जुने वृक्ष. एकजण वर चढून फांदी हलवीत होता आणि खालीं तिघेचौघे चादर ताणून फळें झेलीत होते. पुढें रोज एकेक रस्ता पाहण्याचा क्रमच ठेवला. अशोक रस्त्याला जांभूळ, अकबर रस्त्याला चिंच, जनपथाला अर्जुन, लोदी रस्त्याला कडुनिंब. बरोबर येणारा नातू म्हणाला, "आजोबा, इथें पाटी वाचावी लागत नाहीं, झाड पाहिलें कीं रस्ता कळतो."

हें आपोआप घडलेलें नाहीं. १९११ च्या डिसेंबरांत राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याचें जाहीर झालें आणि १९३१ च्या फेब्रुवारींत नव्या नगरीचें उद्घाटन झालें. मधल्या वीस वर्षांत इमारतींच्या बरोबरीनें झाडेंही लावलीं गेलीं. हें काम मस्टो नांवाच्या उद्यानतज्ज्ञाकडे होतें. एका रस्त्याला एकच जात; तीही दीर्घायुषी आणि बहुतेक सदा हिरवी, असा त्यांत हिशेब होता.

परंतु ही दृष्टि साहेबानेंच आणली असें कोणीं समजूं नये. फिरोजशहा कोटल्यांत अशोकाचा एक स्तंभ आहे. तो चौदाव्या शतकांत टोपऱ्याहून तेथें आणला. माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून वाटांच्या कडेला वड लावविल्याचें राजानें त्यावरील सातव्या लेखांत सांगितलें आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतही वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. दोन झाडांत वीस हातांचें अंतर उत्तम, सोळा हातांचें मध्यम आणि बारा हातांचें कनिष्ठ. मुळें परस्परांत गुंतलीं तर झाडें नीट फळत नाहींत, असें तेथें म्हटलें आहे. हें सर्व मीं तरुणपणीं पाठ केलें होतें. पाठ केलेलें सर्वच आचरणांत उतरतें असें नाहीं. त्याचा दाखला पुढें माझाच द्यावयाचा आहे.

एके दिवशीं एका कडुनिंबाच्या बुंध्याशीं दोन माळी पहारीनें सिमेंट फोडीत बसलेले दिसले. मीं कारण विचारलें, तेव्हां त्यांतला वयस्कर माळी म्हणाला, "बाबूजी, झाडाचें नाक जमिनींत असतें. नाकावर कोणी सिमेंट ओततो का?" त्याचें बोलणें शास्त्राला धरूनच होतें. पाणी व अन्न शोषणारीं बारीक मुळें बहुतेक वरच्या दोन हात मातींतच असतात, आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. झाडाच्या बुंध्याभोंवतीं एक मीटरपर्यंत असलेलें सिमेंट काढून टाकावें, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१३ च्या एप्रिलांत दिल्लीच्या यंत्रणांना दिला होता.

माळ्याचें बोलणें ऐकून मी खालीं मान घातली. पुण्यास आमच्या दारासमोर, रस्त्याच्या कडेला, वडिलांच्या वेळचा एक कडुनिंब होता. पावसाळ्यांत चिखल होतो, कचरा सांचतो, म्हणून मीच पुढाकार घेऊन शेजाऱ्यांकडून वर्गणी जमविली आणि अगदीं बुंध्याला भिडवून सिमेंट घालून घेतलें. नीटनेटकेपणाबद्दल चार लोकांनीं वाहवा केली. तिसऱ्या वर्षीं शेंडा वाळूं लागला. पुढें एका वैशाखांत, वळवाच्या पावसांत, झाड रात्रींतून आडवें झालें. उघडीं पडलेलीं मुळें एका अंगानें कुजलेलीं होतीं. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. आम्ही सर्वांनीं मिळून दोष वाऱ्याला दिला.

दिल्लींत आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. तेथील बरींचशीं झाडें एकाच काळांत लावलेलीं असल्यामुळें तीं म्हातारींही बरोबरच होत आहेत. मधून मधून एखादें पडलेलें, त्याची जागा मोकळी. कोठें भलत्याच जातीचें रोप लावलेलें. ज्या घरांत सगळेच ऐंशींचे आणि पाळण्यांत कोणी नाहीं, त्या घराची जी स्थिति, तीच अशा रस्त्याची. शिवाय सगळी भिस्त एकाच जातीवर ठेवणें धोक्याचें. मुंबईंत अलीकडच्या वर्षांत पिठ्या ढेकणाच्या उपद्रवानें कितीतरी पर्जन्यवृक्ष वाळून गेले. म्हणून एका रस्त्याला एक जात ही शोभा राखावयाची, तर शहरांत जाती पुष्कळ हव्यात. आणि वडीलधारें झाड उभें असतांनाच त्याच्या ओळींतल्या रिकाम्या जागीं त्याचा वारस लागला पाहिजे. त्याकरितां प्रत्येक झाडाचें वय व प्रकृति यांची नोंद पाहिजे, शाळेंत मुलांची असते तशी. आपल्याकडे १९७५ च्या कायद्यानें शहरांत वृक्षप्राधिकरण व वृक्षगणना यांची तरतूद केली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा-वृक्षाचा मान दिला. कायदा इतकें करूं शकतो. पण दारांतल्या सिमेंटावर नजर ठेवावयाची ती घरच्यांनींच.

घरीं परतल्यावर महापालिकेच्या उद्यान विभागास अर्ज केला, शेजाऱ्यांपुढें आपली चूक कबूल केली, आणि परवानगी मिळतांच जुनें सिमेंट फोडविलें. त्या जागीं पुरुषभर उंचीचें निंबाचें रोप लावलें आहे. पाऊस संपल्यापासून धाकट्या सूनबाई तांदूळ-भाजी धुतलेलें पाणी त्यालाच घालतात. उन्हाळ्यांत दिवसाआड दोन बादल्या घालण्याची पाळी नातवंडांनीं वांटून घेतली आहे. कोणाची पाळी चुकली, हें पाहण्याचें काम माझ्याकडे आहे. माझी पासष्टी उलटली. हें झाड वडिलांच्या झाडाएवढें झालेलें पाहावयास मी असणार नाहीं; पण पाळी चुकूं द्यावयाची नाहीं, एवढें माझ्या हातीं आहे.

वाचकांस एकच विनंती. उद्यां सकाळीं दाराबाहेरच्या झाडाशीं क्षणभर थांबावें आणि त्याच्या बुंध्याभोंवतीं दोन हात माती उघडी आहे कीं नाहीं, तें पाहावें.