मनगटावरचा हिशेबनीस

वय चोरण्याची हौस स्त्रियांनाच फार, असें म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मीं मात्र पंचावन्नाव्या वर्षीं एका घड्याळापाशीं वय चोरलें, आणि ती हकीकत सांगतांना मला अजून थोडी लाज वाटते.

मुलीच्या आग्रहास्तव मी पाणबुड्याची विद्या शिकलों. पहिली बुडी तारकर्लीस मारली, पुढें रीतसर शिक्षण घेतलें, आणि गेल्या हिवाळ्यांत आम्ही दोघें अंदमानांतील स्वराजद्वीपास, म्हणजे २०१८ पर्यंत ज्याला हॅवलॉक म्हणत त्या बेटावर, गेलों.

पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रांत उतरणाऱ्याच्या मनगटावर हल्लीं एक लहानसा संगणक असतो. आम्ही त्याला घड्याळ म्हणतों, पण वस्तुतः तो हिशेबनीस आहे. खोल गेलें कीं दाबामुळें श्वासांतील नायट्रोजन रक्तामांसांत मुरूं लागतो. माणूस घाईनें वर आला तर, सोड्याच्या बाटलीचें बूच काढल्यावर व्हावे तसे, त्याचे अंगांत बुडबुडे होतात. आणि मग सांधे ठणकण्यापासून पाय लुळे पडण्यापर्यंत कांहींहि घडूं शकतें. तेव्हां किती खोल आलों, किती वेळ राहिलों, आणखी किती मिनिटें उरलीं, हा जमाखर्च तें यंत्र अखंड मांडीत असतें.

पण हा जमाखर्च कोणाच्या शरीराचा? माझ्या खचित नव्हे. यंत्राला खोली कळते आणि वेळ कळतो. रात्रीं झोंप लागली होती काय, पाणी पुरेसें प्यालों होतों काय, पोटाचा घेर किती, यांतलें त्याला कांहींहि ठाऊक नसतें. त्याच्या पोटांत एक कल्पित मनुष्य बसविलेला आहे. ब्यूलमान नांवाच्या झुरिकच्या डॉक्टरांनीं त्याच्या देहाचे १६ कप्पे पाडले. सर्वांत चपळ कप्पा चार-पांच मिनिटांत नायट्रोजननें अर्धा भरतो, तर सर्वांत मंदास ६३५ मिनिटें लागतात.

या कल्पित मनुष्याचा मूळपुरुष, खरें सांगायचें तर, बोकड आहे. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्यें शेळ्या-बोकडांना पोलादी कोठडींत घालून दाब चढवून उतरवून पाहिला, आणि दाब निम्म्यावर आणला तरी बहुधा अपाय होत नाहीं, हा नियम १९०८ सालीं प्रसिद्ध केला. (याच हॉल्डेनांचे चिरंजीव जे. बी. एस. १९५७ सालीं आपल्या देशांत आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ सालीं भुवनेश्वरास वारले.) त्या प्रयोगांत शेळीला दुखूं लागलें कीं ती पुढचा पाय उचलून धरी. तेवढ्यावरून शास्त्रज्ञ काय तें ओळखीत. तिला लपविण्याची कला अवगत नव्हती.

कल्पित मनुष्य आणि प्रत्यक्ष मनुष्य यांतलें अंतर भरून काढावें म्हणून यंत्रांत सावधगिरीच्या पायऱ्या ठेवलेल्या असतात. आमच्या यंत्रांत त्या तीन आहेत: ४५/९५, ४०/८५ आणि ३५/७५. पहिला आंकडा वर येतांनाच्या खोल थांब्यांपुरता. आमच्या साध्या बुडींत त्याचें फारसें काम पडत नाहीं. दुसरा महत्त्वाचा. पृष्ठभागावर पोंचतांना त्या कल्पित देहाला सोसणाऱ्या मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जाऊं द्यायचें, तें तो सांगतो. मुलीनें माझें यंत्र ३५/७५ वर लावलें आणि स्वतःचें ४५/९५ वर. पंचविशींतल्या माणसानें पंचावन्नाव्या वर्षाला दिलेला तो दाखलाच होता!

पहिल्याच दिवशीं सत्तावीस मीटरवर बराकुडा माशांचा एक प्रचंड थवा आमच्याभोंवतीं चांदीच्या भिंतीसारखा फिरूं लागला. दोघांच्याहि टाक्यांत हवा भरपूर होती. पण माझ्या यंत्रावर एकच मिनिट उरलें होतें, तिच्या यंत्रावर सहा. जोडीदारांनीं बरोबरच वर यावें, असा नियम आहे. तिनें माझ्या मनगटाकडे पाहिलें आणि आंगठा वर केला. पाण्याखालीं त्याचा अर्थ "शाबास" असा नसून "चला वर" असा असतो. वर जातांना ती मान वळवून खालीं पाहत होती. संध्याकाळीं त्याबद्दल ती एक अक्षरहि बोलली नाहीं, आणि तेंच मला बोंचलें.

त्या रात्रीं मीं हळूच यंत्राचीं बटणें दाबून ४५/९५ केलें. मुलीसाठीं करतों आहें, अशी मनाची समजूत घातली. ती निम्मी खरी होती.

दुसऱ्या दिवसाच्या दोन्ही बुड्या विलक्षण आनंदांत गेल्या. यंत्रानें एकदांहि कुरकुर केली नाहीं. तें बिचारें दिलेल्या आंकड्यांवरच चालणार! संध्याकाळीं उजवा खांदा आंतून दुखूं लागला. टाकी उचलतांना लचकला असेल, असें मीं ठरविलें. या विकारांत बहुतेक लोक प्रथम असेंच ठरवितात, हें शिकतांनाच आम्हांला बजावलें होतें.

जेवतांना मुलगी एकाएकीं थांबली.

"बाबा, तुम्ही डाव्या हातानें का जेवतां आहां?"

बोकडानें पाय उचलला होता! मग खांद्याचें सांगावें लागलें आणि घड्याळाचेंहि. तिनें आधीं धांवत जाऊन प्राणवायूची नळी आणविली, डॉक्टरांना फोन लावला, आणि माझ्या तोंडावर मुखवटा नीट बसल्यावर एवढेंच विचारलें, "तीं पांच मिनिटें मीं मागितलीं होतीं का?" मुखवट्यामुळें मला उत्तर देतां आलें नाहीं, हें एका परीनें बरें झालें.

दुसऱ्या दिवशीं बोटीनें श्रीविजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, गेलों. डॉक्टरांनीं खांदा हलवून, चिमटे काढून, चालवून पाहिलें. तोंपर्यंत दुखणें बरेंच ओसरलें होतें. स्नायू ताणला असावा, असें ते म्हणाले. बुडबुडा नव्हताच काय, असें विचारतां त्यांनीं खात्री देण्याचें नाकारलें. विमानप्रवास लांबला, तिची रजा बुडाली, आणि बराकुडांचें नांव पुन्हा कोणीं काढलें नाहीं.

गेल्या महिन्यांत मालवणला होडींत बसतांना तिनें तिकीट-तपासनिसासारखा हात पुढें केला. मीं मुकाट्यानें मनगट दाखविलें.