आत्याबाईंचा नेम

परदेशच्या प्रवासांत माणसाच्या उदारपणाची खरी कसोटी जेवणाच्या वेळीं लागते, असें मला वाटतें. चर्चे, चित्रशाळा आणि पुतळे पाहतांना आपण सारेच उदार असतों. मिकेलांजेलोचा डेव्हिड पाहिल्यानें कोणाचा नेम मोडत नाहीं. पण परमुलखांतील खानावळींत पुढ्यांत ताट आलें, कीं एकाच टेबलाभोवतीं बसलेल्या चौघांचीं मतें चार दिशांना जातात.

गेल्या वर्षीं इटलींत बोलोन्या शहरीं आम्हांस हा अनुभव आला. दादा, वहिनी, मी आणि आमच्या आत्याबाई असे आम्ही चौघे होतों. आत्याबाईंचें वय ७८. उभ्या आयुष्यांत त्यांनीं मांस-मासे तर राहोच, पण अंडेंही तोंडांत घातलेलें नाहीं. बाकी नवें पाहण्याचा त्यांना कंटाळा नाहीं. आमच्यांत सर्वांत अधिक उत्साह त्यांचाच.

बोलोन्याचें विद्यापीठ परंपरेनें १०८८ पासूनचें मानतात. इटालियन लोक या नगरीला ‘विदुषी’ म्हणतात, आणि तितक्याच प्रेमानें ‘लठ्ठ’ असेंही म्हणतात. कारण खाण्यापिण्याच्या बाबतींत तिचा लौकिक मोठा. तेथील लांबच लांब कमानींच्या पडव्यांतून फिरतांना एका दुकानाच्या कांचेआड कांहीं बायका लांब लाटण्यानें पिवळ्या कणकेची पोळी लाटीत होत्या. तिचे इवलेसे तुकडे सारण घालून बोटावर वळायचे, कीं झाल्या तोर्तेल्लीनी. आत्याबाई थबकल्या. “अरे, हें तर आपलें गव्हल्या-मालत्यांचें काम!” त्या म्हणाल्या. लग्नकार्यासाठीं गव्हले, नखुले, बोटवे त्यांनीं स्वतः किती वळले असतील, याची गणती नाहीं. ती कणीक पिवळी दिसते ती अंड्यांमुळें, हें मात्र तोंवर त्यांना ठाऊक नव्हतें.

दादाला ठाऊक होतें. दुपारीं आम्ही एका लहानशा त्रात्तोरियांत, म्हणजे घरगुती खानावळींत, जाऊन बसलों, तेव्हां त्यानें मला हळूच सांगितलें, “येथल्या ताज्या पास्त्यांत अंडें असतें. पार्मिज्यानो चीज करतांना दूध घट्ट करण्यासाठीं वासराच्या जठरांतून काढलेलें रेनेट घालतात. त्या चीजचा तसा नियमच आहे. पण आत्याबाईंना कांहीं बोलूं नकोस. नकळत घडलें त्याचा दोष नाहीं, आणि या वयांत त्यांना उपाशी ठेवणें बरें नव्हे.” वहिनींनींही मान डोलावली. दोघांच्याही बोलण्यांत मायाच होती. तरीही मला तें पटेना.

आत्याबाईंचे कान अद्याप तिखट आहेत. हातांतील खाद्यपदार्थांची यादी खालीं ठेवून त्या शांतपणें म्हणाल्या, “नेम माझा आहे. मोडायचाच झाला, तर तो मी मोडीन. माझ्या पाठीमागें दुसऱ्या कोणी तो मोडूं नये.”

यावर दादा कांहीं बोलला नाहीं. मीं मोबाइलवरील भाषांतराच्या आधारानें मालकीणबाईंना आमची अडचण सांगितली. त्यांनीं यादीवर बोट फिरवीत एकेक पदार्थ बाद केला: या तालियातेल्लेंत अंडें, त्या सारांत मांसाचें पाणी. चीजपाशीं येतांच त्यांनीं स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि “व्हितेल्लो” म्हणजे वासरूं, असें सांगितलें. मग जरा विचार करून त्यांनीं कोरडें स्पागेत्ती देऊं केलें. त्यांत जाडसर गव्हाचा रवा आणि पाणी यांवांचून कांहीं नसतें. त्यावर टोमॅटो, ऑलिव्हचें तेल आणि बाझिलिकोचीं पानें. पान चुरगळून वास घेतांच आत्याबाईंनीं तें ओळखलें: “हा तर सब्जा!”

ताटें आलीं. वाढणारा पोरगा सवयीनें किसलेल्या चीजची वाटी घेऊन आत्याबाईंच्या ताटाकडे वळला, तोंच मालकीणबाईंनीं लगबगीनें येऊन त्याचा हात धरला. आमची भाषा त्यांना येत नव्हती, आमच्या आचारविचारांशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता. परंतु पाहुण्याचा शब्द त्यांनीं आपल्याकडे ठेव म्हणून सांभाळला.

पुढें विचार करतां मला यांत नवल वाटेनासें झालें. शिजलेल्या तालियातेल्लेच्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर असावी, असें ज्या शहरानें १९७२ सालीं वाणिज्य मंडळांत रीतसर नोंदवून ठेवलें, त्याला जेवणांतील नेमांचें वावडें कसें असेल? जेवणानंतर दुधाची कापुचीनो मागणें किंवा माशांच्या पास्त्यावर चीज घालणें हें तेथील जुन्या माणसांना रुचत नाहीं. सोवळें-ओवळें केवळ आपल्याच घरीं असतें, ही समजूत घराबाहेर पडल्यावर टिकत नाहीं.

पण मला अधिक लागलें तें आत्याबाईंचें वाक्य. आपल्या एकत्र कुटुंबांत मायेपोटीं वडीलधाऱ्यांपासून किती गोष्टी लपविल्या जातात! दुखण्याचें खरें नांव, औषधांतील घटक, मुलाची गेलेली नोकरी. त्यांना त्रास नको, असें आपण म्हणतों. परंतु त्यांच्या वतीनें निर्णय घेण्याचा अधिकार आपल्याकडे कोणी दिला, हें मात्र विचारीत नाहीं. त्यांचा नेम आपणांस पटावा, असें मुळींच नाहीं. मला स्वतःला आत्याबाईंचे सगळेच नेम पटतात असें नव्हे. परंतु जें माणूस आपण वाढलेलें निःशंकपणें खातें, त्याच्या ताटांत काय आहे तें त्याला खरें सांगणें, एवढें तरी आपण त्याचें देणें लागतों.

दादा अजूनही विचारतो, “तें कोरडें स्पागेत्ती तेथें नसतेंच, तर?” प्रश्न खोटा नाहीं. त्या दिवशीं आत्याबाईंनीं चार फळांवर भागविलें असतें, आणि आम्हां तिघांना आमचें जेवण गोड लागलें नसतें. परंतु तो उपास त्यांनीं स्वतः पत्करलेला असता.