उतारा हातात, तरी देऊ नका

सायकियाट्रीचं पोस्टिंग म्हणजे आराम, असं ऐकून मी इंटर्न म्हणून रुजू झालो. रात्री वॉर्डातले एक काका हाका मारूनही जागे होईनात. उशीखाली झोपेच्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स सापडल्या. मला पुस्तकातलं नाव आठवलं: फ्लुमाझेनिल, म्हणजे डायझेपाम-लोराझेपामच्या जातीच्या गोळ्यांवरचा उतारा. इमर्जन्सी ट्रेमधून मी ते ऐटीत उचललं. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, आधी श्वास मोजा."

मिनिटाला चौदा भरले. ऑक्सिजन ठीक होता. सिस्टरनी हनुवटी वर उचलताच घोरणं थांबलं. मग उलटी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून काकांना कुशीवर वळवलं, रक्तातली साखर पाहिली. यातलं एकही काम मला सुचलं नव्हतं.

रेसिडेंट मॅडमनी केसपेपर माझ्यासमोर धरला. कित्येक वर्षं त्याच जातीचं क्लोनाझेपाम, जोडीला नैराश्यासाठी अमिट्रिप्टिलिन. "उतारा दिला तर?" "जागे होतील," मी म्हणालो. "किंवा फिट येईल." मेंदूला क्लोनाझेपामची सवय लागलेली, त्याचा परिणाम एकदम काढला की झटके येऊ शकतात. त्यात अमिट्रिप्टिलिनही जास्त पोटात गेलं असेल, तर ते स्वतःच फिट आणतं, हृदयाची लय बिघडवतं. म्हणून ईसीजी. "फिट आली तर लोराझेपाम देऊ," मी हुशारी केली. "उतारा देऊन त्याचीच जागा अडवून बसलास ना?" मी गप्प.

मग फ्लुमाझेनिल ठेवलंय कशाला? एंडोस्कोपीसारख्या वेळी आपणच दिलेलं मिडाझोलाम जास्त झालं आणि पेशंटला अशा औषधांची सवय नसेल, तर ते कामाचं. तेही ०.२ मिलिग्रॅम, सावकाश, अंदाज घेत. त्याचा असर तासाभरात ओसरतो, डायझेपाम मात्र शरीरात कितीतरी जास्त काळ राहतं. पेशंट पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. डोळे उघडले म्हणजे संकट टळलं, ही माझी समजूतही गेली.

काकांना आयसीयूत हलवलं. ऑक्सिजन, सलाईन आणि डोळ्यांत तेल घालून पहारा, एवढ्यावरच सकाळी ते शुद्धीवर आले.

घरात असं घडलं तर पेशंटला ताबडतोब दवाखान्यात न्या. रिकाम्या स्ट्रिप्स सोबत आणा. कोणत्या गोळ्या किती वर्षं चालू आहेत, दारू घेतली होती का, हे लपवू नका. उतारा द्यायचा की नाही, हे त्यावरच ठरतं.