खोआई

एका बंगाली लेखाच्या अनुवादात मी 'खोआई'ला 'दरी' म्हटलं आणि ते तसंच छापून आलं. कुणी तक्रार केली नाही. शांतिनिकेतन म्हटलं की मराठी वाचकाला रवींद्रनाथ आठवतात, आम्रकुंज आठवतं. तिथल्या मातीची चौकशी कोण करणार?

पुढे बिनोदबिहारी मुखर्जींवरचं एक पुस्तक अनुवादाला घेतलं, म्हणून हिवाळ्यात तिथे गेले. एका सकाळी कलाभवनाची पाच-सहा मुलं स्केचिंगला निघाली होती, त्यांच्यामागून मीही. मुलांना वर्गातून उठवून झाडासमोर, गुरांसमोर, संथाळ वस्तीसमोर बसवायचं हा नंदलाल बोस यांचा शिरस्ता. १९१९ साली सुरू झालेल्या या संस्थेत तो अजून टिकून आहे. खोआई मात्र सहज सापडत नाही. सोनाझुरीची लागवड, त्या झाडांखाली भरणारा हाट, मोटारींच्या रांगा. उघडी जमीन दिसायला बरंच चालावं लागलं.

मी कोकणातली, त्यामुळे लाल दगड बघून जीव सुखावला. अगदी आपला जांभा! पावसानं चिरत, कुरतडत नेलेली जमीन, मध्ये उरलेले उंचवटे, त्यांवर एखादा ताड. एका ओघळीत उतरले, तर कमरेपर्यंतच आत गेले. म्हणे दरी!

एक मुलगी मांडीवर कागद घेऊन बसली होती. शाईच्या दोन रेघा ओढायची, कागद थोडा फिरवायची, पुन्हा समोर बघायची. असा चारही बाजूंनी फिरवून झाला. शेवटी न राहवून विचारलं.

"पाणी कुठून आलं ते बघतेय, दीदी," ती म्हणाली.

समोर पाण्याचा थेंब नव्हता. डिसेंबर होता.

दुपारी वसतिगृहाच्या छतावरचं बिनोदबिहारींचं चित्र पाहिलं, १९४० सालचं. मध्ये तळं, भोवती बीरभूमचं गाव: झाडं, गुरं, माणसं. त्यात वरची बाजू अशी नाहीच; मान वर करून आपणच फिरत राहतो. हे रंगवणाऱ्याचा एक डोळा जन्मापासून निकामी, दुसऱ्याची नजर अधू. पुढे शस्त्रक्रियेनंतर तीही गेली, तरी ते काम करत राहिले. पुस्तकातला हा भाग मी आधीच अनुवादित केला होता, सफाईदार मराठीत. छताखाली उभी असताना मला त्यातलं एकही वाक्य आठवेना.

रात्री खोलीवर फाइल उघडली. 'दरी' खोडून 'घळ' केलं, मग 'ओघळ'. ओघळीत पाणी तरी आहे; पण ओघळ एक असते, आणि खोआई म्हणजे तो सगळा खंगलेला माळ. शेवटी 'खोआई'च ठेवलं. संपादकांनी समासात लिहिलंय, 'तळटीप द्यावी.' दोनदा लिहून खोडली. पहिल्या लेखातली दरी आहे तिथेच आहे.