भर उन्हातला दिवा

तुळजापुरात भर दुपारी एखाद्या आराधी बाईचा फोटो काढायचा म्हटले, की कॅमेरा अडचणीत येतो. गळ्यात कवड्यांच्या पांढऱ्याशुभ्र माळा, कपाळभर मळवट, डोक्यावरून पदर आणि पदराच्या सावलीत उन्हाने रापलेला चेहरा. कवड्या सांभाळाव्यात तर चेहरा काळाठिक्कर पडतो; चेहरा उजळवावा तर कवड्यांचे नुसते पांढरे ठिपके उरतात आणि मागचे आभाळ विरून जाते. धाराशिव जिल्हा साधारण 18 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला, ऐन लग्नसराईत, माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. भुवयांची सावली डोळ्यांत उतरते, नाकाची ओठांवर, फेट्याची कपाळावर. समोर उभे राहून पाहताना हे खटकत नाही, कारण आपली नजर उजेडातून सावलीत फिरताना स्वतःला जुळवून घेत असते. कॅमेऱ्याला मात्र सगळे एका क्षणात, एकाच मापाने धरावे लागते. म्हणून अंधारापेक्षाही इथल्या लख्ख उन्हातच फ्लॅशची गरज अधिक आहे, असे मी म्हणतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: उन्हे उतरेपर्यंत थांबा. नळदुर्गच्या किल्ल्यात प्री-वेडिंग शूटला आलेल्या जोडप्याला ते जमेल. पण नवस फेडायला आलेल्या कुटुंबाला परतीची गाडी गाठायची असते, आणि दुपारच्या मुहूर्ताच्या अक्षता दुपारीच पडतात. रिफ्लेक्टर धरला तर तेच ऊन उलटून डोळ्यांत जाते आणि माणूस डोळे बारीक करतो. मोबाइल सावल्या उजळून देतो खरा. पण उजेड कोणत्या बाजूने आला हे त्याला बदलता येत नाही, आणि खोल गेलेल्या डोळ्यांत जो पांढरा ठिपका चमकला की चेहरा जिवंत वाटतो, तो त्यातून येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: फ्लॅश खोटा दिसतो. लग्नाचे अल्बम चाळले तर हे पटतेच. पावडर फासल्यासारखे चेहरे, मागे अकारण काळवंडलेले आभाळ, आणि किल्ल्याच्या काळ्या दगडावर कापून चिकटवल्यासारखे नवरा-नवरी. पण हा दोष प्रमाणाचा आहे, आणि प्रमाण हातात असते. फ्लॅशची लखलख साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही लवकर संपते. त्यामुळे शटरचा वेग ऊन किती घ्यायचे ते ठरवतो, फ्लॅशला तो जवळजवळ शिवत नाही. ॲपर्चर दोघांनाही आवरते. मात्र बहुतेक कॅमेऱ्यांत 1/200 किंवा 1/250 च्या पुढे शटर आणि फ्लॅशचा साधा मेळ बसत नाही. कडक उन्हात आयएसओ 100 आणि 1/200 ठेवले, की ॲपर्चर एफ 11 च्या आसपास जाते. एवढ्या बारीक छिद्रातून छोट्या फ्लॅशचा उजेड पोचवायचा तर तो माणसाजवळ न्यावा लागतो: चार मीटरवरून दोन मीटरवर आणला, की चेहऱ्यावर चौपट पडतो. हायस्पीड सिंकने शटर वाढवता येते, पण फ्लॅशची ताकद बरीच घटते. उन्हाशी झुंजताना ती उधळपट्टी परवडत नाही.

माझ्या मते फ्लॅश उन्हापेक्षा एक ते दीड स्टॉप कमी असावा, म्हणजे निम्मा किंवा त्याहूनही थोडा. बरोबरीचा झाला की सावली मरते आणि तिच्याबरोबर चेहऱ्याची ठेवणही. रापलेला रंग, कपाळावरच्या आठ्या, गालाखालचा काळोख ही या भागातल्या उन्हाचीच खूण आहे. ती पुसण्याचा अधिकार फोटोग्राफरला नाही. सूर्य कलता असेल तर माणसाची पाठ त्याच्याकडे करावी. केसांना, फेट्याला उन्हाची कड येते, डोळे मोकळे उघडतात, आणि सावलीतला चेहरा फ्लॅशने हलकेच उचलता येतो.

तुळजापूर-नळदुर्गला कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना एवढीच विनंती: पहिला फोटो फ्लॅश बंद ठेवून काढा, त्यात कवड्या आणि आभाळ शाबूत आहे का ते पाहा, आणि मग फ्लॅश अगदी कमीवरून वाढवत न्या. डोळे दिसू लागले की थांबा.