समुद्रदेव पंचगंगेकाठी

कोल्हापुरास आलेला पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर भेळ खातो, चपलांचा जोड विकत घेतो आणि गाडीला बसतो. टाऊन हॉलच्या दगडी इमारतीतील वस्तुसंग्रहालयाकडे त्याची पावले सहसा वळत नाहीत. मी तर इथलाच. माझीही वळली नसती. पण गेल्या मे महिन्यात माझा भाचा मला तेथे ओढून घेऊन गेला.

खरे म्हणजे त्याला वळणावर आणायचे काम माझे होते. इंजिनिअरिंगचे दुसरे वर्ष सोडून चित्रकलेच्या कॉलेजात नाव घालायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते. "तू प्राध्यापक, तुझे तो ऐकेल," असे ताईने मला बजावले होते. मराठीच्या प्राध्यापकाचे हल्ली कोण ऐकते, हे ताईला ठाऊक नसावे!

काचेच्या कपाटात वीतभरही उंच नसलेली ब्राँझची मूर्ती उभी होती.

"मामा, हा पोसायडन. ग्रीकांचा समुद्रदेव. भूकंपही हाच करतो म्हणे."

१९४४-४५ च्या सुमारास ब्रह्मपुरीच्या टेकडीत राजाराम कॉलेजचे प्राध्यापक कुंदणगार यांना इतर रोमन वस्तूंबरोबर ही मूर्ती मिळाली. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया व दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले आणि सातवाहनकाळातील विटांची घरे उजेडात आली. देव ग्रीकांचा, ओतकाम रोमनांचे, आणि बिऱ्हाड सह्याद्रीचा घाट चढून पंचगंगेकाठी!

भाच्याने परवानगी काढून फोनवर चोहोबाजूंनी पन्नास-साठ छायाचित्रे टिपली. अशा छायाचित्रांतील सारखे बिंदू जुळवून संगणक वस्तूची आकृती उभी करतो. घरी येऊन पाहतो तो पडद्यावर देव भलताच! काचेवरच्या चकाकीने यंत्र फसले होते. खांद्याला भोक, पाठीतून खिडकीचा तुकडा बाहेर, हात हवेत विरलेला. बोट लावले की सारी आकृती थरथरून फुटे आणि पुन्हा जुळे.

"अरे, दुरुस्त कर हे," मी म्हणालो. तांबड्या शाईची सवय, दुसरे काय!

"याला ग्लिच म्हणतात, मामा. यंत्राची चूक. मी ती मुद्दाम ठेवणार आहे. मूळ मूर्तीच्या हातात तरी त्रिशूळ कुठं उरलाय? म्हणून कुणी तिला टाकून दिलं नाही." थोडे थांबून तो म्हणाला, "पुराच्या पाण्यात आपलं घर असंच दिसत होतं."

मी गप्प झालो. २०१९ च्या पुरात पंचगंगा आमच्या अंगणात शिरली, तेव्हा हा माझ्याकडेच शाळेला होता. जिन्यावर बसून त्याने पाण्यात मोडणारे, जुळणारे घर तासन्‌तास पाहिले होते. मी मात्र भिजलेली पुस्तके मोजत होतो. त्या आठ दिवसांत त्याच्या डोळ्यांपुढे काय होते, हे विचारायला मला इतकी वर्षे सुचले नाही.

मी पुन्हा पडद्याला बोट लावले. देव फुटला, जुळला. पण पहिल्यासारखा नाही.

रात्री ताईचा फोन आला. "समजावलंस का रे त्याला?"

"त्याचं एक वर्ष वाया जाईल, ताई, हे खरं," मी म्हणालो. "पैसेही जातील. पण नाही म्हणण्याआधी एकदा कोल्हापूरला ये. त्यानं काय केलंय ते बोट लावून बघ."